वाचनालयाच्या अंगणात कापडी छत, सौर पॅनेल आणि दिवे

नमस्कार. आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगोला तालुक्यातल्या आपल्या गावच्या वाचनालयापुढे १४ × ९ मीटरचे मोकळे अंगण आहे. तिथे दिवसा वाचकांना आणि संध्याकाळी साडेसहा ते साडेदहा या वेळेत स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या तीसेक मुलामुलींना बसता यावे म्हणून कापडी छत उभारायचे आहे. त्या कापडावरच लवचिक सौर पॅनेल चिकटवावेत, त्यांच्यावर दिवे चालावेत आणि पावसाळ्यात सगळे गुंडाळून आत ठेवता यावे, अशी आपली कल्पना आहे. पॅनेल कोणते घ्यावे आणि कापड किती जीएसएमचे, म्हणजे दर चौरस मीटरला किती ग्रॅम वजनाचे असावे, एवढ्या दोनच गोष्टी आपण विचारल्या आहेत. देणगीदारांना पॅनेल दिसले पाहिजेत, असे आपण जाता जाता म्हटले आहे, आणि तेही मी ध्यानात ठेवले आहे.

गेली २२ वर्षे मी पुण्यात कापडी छतांची रचना आणि उभारणी करते. त्या अनुभवावरून सांगते, की आपण विचारलेले दोन्ही प्रश्न नंतरचे आहेत. खरा प्रश्न हा आहे, की मे महिन्यातल्या एखाद्या दुपारी साडेचारला वळीव चालून येईल, ग्रंथपाल तालुक्याला गेलेले असतील, आणि अंगणात दहा-बारा मुले बसलेली असतील, तेव्हा त्या छताचे काय होईल. ‘पावसाळ्यात उतरवून ठेवू’ या वाक्यात एक फसगत दडलेली आहे. आपल्याकडे कापडी छते मोडतात ती बहुधा जुलैच्या संथ पावसात नव्हे, तर एप्रिल-मेच्या वळवात, कारण त्याचा वारा अचानक येतो, दिशा बदलत राहतो आणि सोबत कधी गाराही घेऊन येतो. आपले छत त्या वेळी उभेच असणार आहे. म्हणून ते ‘काढता येण्याजोगे’ असले, तरी मजबुतीत कायमच्या छताइतकेच असायला हवे.

दुसरी अडचण ‘लवचिक’ या शब्दाची आहे. कापड लवचिक असते याचा अर्थ ते हवे तसे हलले तरी चालते असा होत नाही. उलट ताणलेल्या कापडाचे सगळे बळ ते न हलण्यात असते. हाताने थाप मारली की जे ढोलकीसारखे वाजते ते कापड दहा वर्षे टिकते, आणि ज्याला झोळ पडलेला असतो ते एका हंगामात फडफडून कडांपाशी फाटते. पावसाची एखादी सर आली, की झोळात पाणी साचते, साचलेल्या पाण्याने झोळ वाढतो, वाढलेल्या झोळात आणखी पाणी येते, आणि बघता बघता छताची पखाल होते.

म्हणून आकारापासून सुरुवात करू. सपाट कापड वाऱ्यापुढे निभाव धरत नाही, आणि त्यामागचे गणित सोपे आहे. कापडातला ताण म्हणजे वाऱ्याचा दाब गुणिले कापडाच्या वळणाची त्रिज्या. आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर, तर मुंबई आणि नागपूरसाठी ४४ मीटर धरला आहे. अंदाजासाठी पुण्याचाच आकडा धरू. ३९ मीटरच्या वेगाला दर चौरस मीटरवर साधारण ९३ किलो दाब येतो. त्यावर उंचीचे, परिसराचे आणि आकाराचे गुणक लावावे लागतात, पण अंदाजाला हा आकडा पुरेसा आहे. कापडाला चांगला बाक असेल आणि वळणाची त्रिज्या ५ मीटर असेल, तर एक मीटर रुंदीच्या कापडात सुमारे ४६५ किलो ताण येतो. तेच कापड जवळजवळ सपाट, म्हणजे २० मीटर त्रिज्येचे असेल, तर ताण १,८६० किलोंवर जातो. साधारण ९०० ग्रॅम वजनाचे पीव्हीसीचा लेप दिलेले पॉलिस्टर कापड नवे असताना मीटरला ८ टनांच्या आसपास तुटते. शिवण, ऊन आणि वय यांचा विचार करून आम्ही त्याचा पाचवा हिस्सा, म्हणजे १,६०० किलो, एवढीच कामाची ताकद धरतो. म्हणजे कापड तेच, वारा तोच, पण एक छत निर्धास्त उभे राहते आणि दुसरे हद्दीबाहेर जाते. फरक केवळ आकाराचा आहे. जाड कापड घेऊन सपाटपणाची भरपाई होत नाही, आणि म्हणूनच जीएसएमचा प्रश्न मी मागे ठेवला.

हा बाक आणायची सोपी रीत म्हणजे घोड्याच्या खोगिराचा आकार. चार कोपऱ्यांपैकी समोरासमोरचे दोन उंच आणि उरलेले दोन खाली ठेवले, की कापड एका दिशेने वर आणि दुसऱ्या दिशेने खाली वळते. वारा वरून दाबो की खालून उचलो, त्याला अडवणारे धागे दोन्ही वेळा हजर असतात. जर्मन वास्तुरचनाकार फ्राय ओटो यांनी ताणाच्या या आकारांचा आयुष्यभर अभ्यास केला, आणि १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकचे भव्य छत त्याच विचारातून उभे राहिले. आपल्या अंगणासाठी मी ६ × ६ मीटरची दोन खोगिरे सुचवीन. उंच कोपरे ४.८ मीटरवर, खालचे २.६ मीटरवर, आणि दोन कापडांमध्ये वारा निसटून जायला थोडी फट. अंगण मोठे असले, तरी एकच अवाढव्य कापड घेऊ नये, कारण ते उतरवायला माणसे जास्त लागतात आणि एक कोपरा गेला की सगळे छत जाते.

इथे एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, नाहीतर उभारणीच्या दिवशी विश्वस्त नाराज होतात. ताणलेल्या कापडाच्या कडा सरळ ठेवता येत नाहीत. त्या आत वळलेल्या असाव्या लागतात, आणि प्रत्येक कडेत वायर रोप घालावा लागतो. हे वळण कडेच्या लांबीच्या दहाव्या हिश्शाएवढे ठेवले, तर प्रत्येक कडेला २.४ चौरस मीटर कापड कमी होते. म्हणजे ६ × ६ चे छत ३६ नव्हे, तर जेमतेम २६ चौरस मीटरचे होते आणि दोन्ही मिळून ५२. दरपत्रकात ‘७२ चौरस मीटर सावली’ असे लिहिलेले दिसले, तर ते कागदावरचे मोजमाप आहे असे समजावे.

सावली तरी नेमकी कुठे पडेल? या बाबतीत माझ्या पाहण्यात जेवढ्या चुका आल्या तेवढ्या खांबांच्या पायाच्या कामातही आल्या नसतील. आपल्या अक्षांशावर मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला सूर्य बरोबर डोक्यावर येतो, म्हणजे आपण ज्याला शून्य सावलीचा दिवस म्हणतो तो येतो. त्या सुमारास भर दुपारी छताची सावली छताखालीच असते. पण एप्रिलच्या मध्यावर दुपारी चार वाजता सूर्य पश्चिमेला क्षितिजापासून साधारण ३८ अंशांवर असतो, आणि ४ मीटर उंचीवरच्या कापडाची सावली ५ मीटर पूर्वेला सरकलेली असते. सहा मीटर रुंद छताच्या खाली तेव्हा जवळजवळ सावली उरत नाही. ती शेजारच्या रिकाम्या जागेत पडलेली असते, आणि मुले आपापल्या खुर्च्या ओढत तिच्यामागे फिरत असतात. यावर दोन उपाय एकत्र करावे लागतात. पश्चिमेच्या बाजूला येणारा खालचा कोपरा आणखी खाली आणता येत नसेल, तर त्या बाजूला एक उभा पडदा किंवा वेल सोडावा. आणि छत टेबलांच्या बरोबर वर न घेता दोन-अडीच मीटर पश्चिमेला सरकवावे. मुले दुपारनंतर जास्त येतात की सकाळी, यावर हे अंतर ठरेल, आणि ते आपल्यालाच ठाऊक असणार.

खर्च होण्यापूर्वी हे तपासायची एक बिनखर्चाची रीत आहे. जिथे खांब यायचे तिथे त्या त्या उंचीचे बांबू रोवावेत, त्यांच्या टोकांना सुतळी बांधून छताची कड उभी करावी, आणि सकाळी ११, दुपारी १ आणि ४ वाजता सुतळीची सावली जमिनीवर जिथे पडेल तिथे फक्कीने रेघ मारावी. तीन रंगांची फक्की घेतली तर आणखी बरे. मी प्रत्येक कामात हे करते, आणि दर दोन कामांपैकी एकात तरी खांबांच्या जागा त्यानंतर बदलतात.

आता पॅनेलकडे वळते, कारण आपला मुख्य उत्साह तिथेच आहे. कापडावर पॅनेल बसवण्याची कल्पना नवी नाही. १९९८ साली न्यूयॉर्कच्या कूपर-हेविट संग्रहालयाच्या बागेत पातळ थराचे सौर पॅनेल बसवलेले ताणलेले कापडी छत उभारले गेले होते, आणि २०१५ च्या मिलान प्रदर्शनात जर्मनीच्या दालनाने ‘सौर वृक्षां’च्या छत्र्यांवर सेंद्रिय (कार्बनी रसायनांपासूनचे) सौर पॅनेल बसवले होते. पण ती प्रदर्शनाची बांधकामे होती, देखभालीला तंत्रज्ञ हजर असत, आणि ती काही महिने टिकणे पुरेसे होते. आपल्याला दहा वर्षे हवी आहेत.

मी स्वतः हा प्रयोग एकदा केला आहे आणि त्यात माझी चूक झाली आहे. किनाऱ्याजवळच्या एका खासगी बागेत पीव्हीसीच्या छतावर मी १०० वॅटचे आठ लवचिक पॅनेल चिकटवले होते. पहिले वर्ष सगळे उत्तम चालले. दुसऱ्या वर्षी उत्पादन निम्म्यावर आले, म्हणून मी शिडी लावून वर गेले. सकाळच्या तिरप्या उजेडात पॅनेलकडे पाहिले तेव्हा सेलवरून (वीज तयार करणाऱ्या सिलिकॉनच्या पातळ चकत्यांवरून) गोगलगाय फिरून गेल्यासारख्या बारीक तपकिरी रेषा दिसल्या, आणि प्रत्येक रेषेच्या खाली सिलिकॉनला तडा होता. कापड वाऱ्याने मिलिमीटर-दोन मिलिमीटर थरथरत होते, तेवढे दिवसातून हजारो वेळा वाकणे त्या पातळ सेलांना पुरले. तारा जोडायच्या डबीच्या, म्हणजे जंक्शन बॉक्सच्या वजनाने चिकटवलेली कड एका बाजूने सुटली होती आणि तिथून आत पाणी शिरले होते. कापड मात्र ठणठणीत होते. ‘लवचिक’ पॅनेल एकदा वाकवून बसवण्यासाठी असतो, रोज वाकत राहण्यासाठी नव्हे, हे मी त्या शिडीवर शिकले.

तडे पडले नसते, तरी दोन दोष उरतातच. पहिला उष्णतेचा. काचेच्या पॅनेलमागून हवा खेळते, तर चिकटवलेल्या पॅनेलमागे ती नसते. सिलिकॉनच्या सेलचे उत्पादन २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशाला साधारण ०.३५ टक्क्याने घटते. सेल ७० अंशांवर पोचला, तर वीज सहाव्या हिश्शाने कमी होते, आणि तीच उष्णता खाली बसलेल्यांच्या डोक्यावर उतरते. दुसरा दोष आकाराचा. खोगिरावर प्रत्येक पॅनेलचे तोंड वेगळ्या दिशेला असते. ते एकामागोमाग एक जोडले, म्हणजे सिरीजमध्ये घेतले, तर ज्याच्यावर सर्वांत कमी ऊन पडते तो बाकीच्यांना मागे खेचतो. कापडासाठी जो आकार चांगला तोच पॅनेलसाठी वाईट, असे हे त्रांगडे आहे.

मुळात आपल्याला कापडभर पॅनेलची गरज आहे का, हे मोजून पाहू. तीस मुलांना वाचण्यासाठी टेबलावर ३०० लक्स (जागेवर पडणाऱ्या उजेडाचे माप) उजेड हवा, पण सगळ्या अंगणात तेवढा उजेड पाडण्याची गरज नाही. चार-चार मुलांची आठ टेबले धरली आणि प्रत्येकावर ८ वॅटचा झाकण असलेला टेबल-दिवा दिला, तर ६४ वॅट होतात. बाकी ५२ चौरस मीटरवर ५० लक्सचा सौम्य उजेड हवा, तर त्याला २,६०० ल्युमेन (एकूण उजेडाचे माप) पोचले पाहिजेत. निम्मा उजेड इकडे-तिकडे जातो असे धरले, तर ५,२०० ल्युमेनचे, म्हणजे ५०-६० वॅटचे दिवे लागतात. एकूण १२५ वॅट. चार तासांचे ५०० वॅट-तास. बॅटरीतली आणि तिचे चार्जिंग सांभाळणाऱ्या कंट्रोलरमधली घट, धूळ आणि उष्णता हे सगळे धरून पॅनेलकडून रोज सुमारे ७३५ वॅट-तास मागावे लागतात. आपल्याकडे वर्षाच्या सरासरीने पूर्ण उन्हाचे ५ तास मिळतात, म्हणून १५० वॅटचा पॅनेल जेमतेम पुरतो. ढगाळ दिवसांसाठी आणि न पुसलेल्या धुळीसाठी मी दुप्पट घेते, म्हणजे १६५ वॅटचे दोन पॅनेल. त्यांचे मिळून क्षेत्रफळ होते २ चौरस मीटर.

म्हणजे ५२ चौरस मीटर कापडाच्या पुढे पॅनेल दोन चौरस मीटर! एवढ्यासाठी कापडाला भोके पाडणे, गोंद लावणे आणि गुंडाळताना जीव मुठीत धरणे यात काही शहाणपण नाही. काचेचे साधे पॅनेल कापडापासून वेगळे ठेवावेत आणि ते जागेवर कायम राहू द्यावेत. छत उतरले तरी दिवे आणि बॅटरी चालू राहतील आणि पावसाळ्यात आतल्या खोलीलाही वीज मिळेल, हा जास्तीचा फायदा.

पॅनेल ठेवायला सर्वांत चांगली जागा वाचनालयाची गच्ची हीच आहे, हे मी प्रामाणिकपणे सांगते. पण देणगीदारांना ते दिसायला हवेत, आणि त्यात गैर काही नाही. तसे असेल, तर दोन कापडांच्या मधल्या फटीवर दोन उंच खांबांना जोडणारी एक आडवी तुळई घ्यावी आणि तिच्यावर दक्षिणेकडे तोंड करून २० अंशांच्या आसपास तिरके पॅनेल बसवावेत. ती तुळई कापडाच्या वर असल्याने कापडाची सावली त्यांच्यावर पडणार नाही, आणि दिव्यांच्या तारा तिच्यातूनच आतून नेता येतील. अंगणाच्या पश्चिमेला कडुनिंब असल्याचे आपण लिहिले आहे. हिवाळ्यात दुपारी तीननंतर त्याची एखादी फांदी पॅनेलच्या कोपऱ्यावर आली, तरी उत्पादन सावलीच्या आकारापेक्षा कितीतरी जास्त घटते, कारण एका झाकलेल्या सेलमुळे ओळीतले बाकीचे सेलही अडतात. म्हणून डिसेंबरमध्येही एकदा फक्की मारावी.

लवचिक पॅनेल सर्वस्वी निरुपयोगी आहेत असा याचा अर्थ घेऊ नये. आषाढीला आपल्याच बाजूने पंढरपूरकडे दिंड्या जातात. रोज मुक्काम बदलणाऱ्या दिंडीच्या ट्रकच्या टपावर किंवा राहुटीच्या उतारावर, कडेच्या भोकांतून दोरी ओवून पसरलेला हलका पॅनेल मोबाइल आणि दोन-चार दिव्यांना फार उपयोगी पडतो. तिथे काच फुटण्याची भीती खरी असते आणि पॅनेलचे आयुष्य तीन वर्षे मिळाले तरी कुणाची तक्रार नसते. जी वस्तू रोज हलते, तिला हलका पॅनेल शोभतो.

पंखे हवे आहेत का, हे आपण लिहिलेले नाही. कमी वीज खाणाऱ्या बीएलडीसी मोटरचे ३० वॅटचे चार पंखे आठ तास चालवायचे ठरले, तर दिवसाला ९६० वॅट-तासांची भर पडते आणि वर सांगितलेली पॅनेल-बॅटरीची सगळी मापे जवळजवळ तिप्पट होतात. हा निर्णय नंतर घ्यायचा असेल, तर निदान तुळई आणि तारांच्या नळ्या त्या हिशेबाने आत्ताच घ्याव्यात.

विजेच्या बाजूचे आणखी तीन मुद्दे आहेत, ते थोडक्यात सांगते. पहिला, सगळी रचना १२ ऐवजी २४ व्होल्टची करावी. १५ मीटर लांब, अडीच चौरस मिलिमीटरच्या तारेच्या टोकाला १२५ वॅटचा भार असला, तर १२ व्होल्टला २.३ व्होल्ट वाटेतच जातात आणि टोकाचे दिवे मिणमिणतात. २४ व्होल्टला तीच घट १.२ व्होल्टवर, म्हणजे पाच टक्क्यांवर येते. दुसरा, बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची, २५.६ व्होल्ट ५० अँपिअर-तासांची घ्यावी, म्हणजे दोन रात्रींचा साठा होतो. ती खांबाला लावलेल्या लोखंडी पेटीत ठेवू नये. मे महिन्यात उन्हातली पेटी म्हणजे भट्टी असते, आणि ४५ अंशांच्या वर या बॅटरीला चार्ज करणे तिच्या आयुष्याला मारक ठरते. ती वाचनालयाच्या आत, उत्तरेच्या भिंतीला ठेवावी. तिसरा, दिवे ३,००० केल्व्हिनचे उबदार रंगाचे घ्यावेत. पहिल्या पावसानंतर शेताकडून पाखरांचे थवे येतात आणि ते निळसर पांढऱ्या दिव्यावर जास्त तुटून पडतात. अंगणाच्या दूरच्या कोपऱ्यात एक दिवा मुद्दाम पांढरा ठेवला, तर पाखरे टेबलांपासून दूर राहतात. ही युक्ती मला एका रोपवाटिकेच्या माळ्याने शिकवली.

कापडाच्या निवडीत एकच गोष्ट ठरवायची आहे, ती म्हणजे पाऊस अडवायचा आहे की फक्त ऊन. पाऊस अडवायचा असेल, तर पीव्हीसीचे कापड घ्यावे लागते. पावसाळ्यात छत उतरवणारच असाल, तर तुमच्यासाठी मी जास्त ताणासाठी विणलेली, ३२० ग्रॅमच्या आसपासची एचडीपीई (एक चिवट प्लास्टिक) जाळी सुचवीन. गरम हवा तिच्यातून वर निघून जाते, वळवाची सर आली तर पाणी साचत नाही, आणि एका खोगिराचे कापड आठ-नऊ किलोंचे भरत असल्याने दोन माणसे ते सहज उचलतात. शेतातल्या शेडनेटची हिरवी जाळी मात्र स्वस्त म्हणून घेऊ नये. ती ताण घेण्यासाठी विणलेली नसते, आणि दुसऱ्या उन्हाळ्यात तिला झोळ पडतो. शिवणीचा दोराही विचारून घ्यावा. साधा पॉलिस्टरचा दोरा उन्हात कापडाच्या आधी कुजतो आणि चांगले कापड शिवणीत उसवते, म्हणून दोरा पीटीएफईचा, म्हणजे टेफ्लॉनचा असावा. जाळीतून वारा जातो म्हणून पायाच्या हिशेबात सूट मिळते, असे कुणी सांगेल. मी ती सूट घेत नाही.

विश्वस्तांच्या सभेत मांडायचे झाले, तर येथवरचे एवढेच सांगावे, की कापड बाकदार, ताणलेले आणि उतरवता येणारे असेल, पॅनेल कडक, वेगळे आणि कायमचे असतील, आणि दोन्ही एकाच खांबांच्या रांगेवर उभे राहतील. सर्वांत मोठा खर्च कापडाचा किंवा पॅनेलचा नसून जमिनीखालच्या पायाचा असेल, हेही तेव्हाच सांगून टाकावे.

त्या पायाबद्दल थोडे विस्ताराने लिहिते. २६ चौरस मीटरच्या एका छताला ९३ किलोंच्या दाबाने उचलले, तर सुमारे २,४०० किलो वरच्या दिशेने ओढ बसते. एक घनमीटर काँक्रीट तेवढ्याच वजनाचे असते. पण खांबाच्या टोकाला कापड आडवेही ओढते, आणि ४.८ मीटरच्या उंचीवरून ती ओढ पायाला कलवू पाहते. पायाचा आकार ठरतो तो या कलंडण्यावरून, आणि म्हणून तो उचलण्याच्या हिशेबापेक्षा बराच मोठा येतो. खांब बाहेरच्या बाजूला आठ-दहा अंश कललेले ठेवले, तर मदत होते. मागे ताणाची तार देता आली, तर पाया लहान होतो, पण वाचनालयाच्या अंगणात अंधारात ती तार कुणाच्या तरी पायात येणारच, म्हणून मी ती इथे टाळीन. जमीन काळी असेल, तर उन्हाळ्यात ती भेगाळते आणि पावसात फुगते, तेव्हा खड्डा मुरूम लागेपर्यंत खाली न्यावा लागेल. इमारतीच्या भिंतीला कोपरा बांधायचा मोह होईल, पण जुन्या दगड-मातीच्या भिंतीत आयबोल्ट (कडी असलेला बोल्ट) ठोकून त्यावर टनभर ओढ देणे धोक्याचे आहे. हे मोजमाप स्थानिक वेल्डरच्या अंदाजावर सोडू नये. स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून करून घ्यावे आणि त्याची सही असलेला नकाशा दप्तरी ठेवावा.

शेवटी, छत उतरवण्याबद्दल. खालचे कोपरे टर्नबकल (फिरवून ताण देण्याचा स्क्रू) आणि शॅकलने (लोखंडी कडीने) बांधावेत, उंच कोपरे मात्र पुलीवरून खाली खांबाला बसवलेल्या हँड विंचपर्यंत (हाताने फिरवून दोर गुंडाळायच्या चक्रीपर्यंत) आणावेत, म्हणजे शिडी लागत नाही. उतरवताना आधी दोन्ही उंच कोपरे विंचने सोबत सैल करून कापड जमिनीवर आणावे आणि मग खालचे सोडावेत. एकच कोपरा सोडून बाकी तसेच ठेवले, तर कापड चाबकासारखे फिरते आणि त्याच्या टोकाची लोखंडी पट्टी कुणाचेही डोके फोडू शकते. वारा सुरू झाल्यावर छत उतरवायला जाऊ नये, तेव्हा मुलांना आत घ्यावे आणि छताला त्याच्या मजबुतीवर सोडावे. ती मजबुती आधी हिशेबात धरायची ती याचसाठी. मार्चपासून पुढे दुपारी तीनला आभाळाकडे पाहून निर्णय घेणारी दोन माणसे नावानिशी नेमावीत, आणि पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचे ‘दामिनी’ ॲप त्यांच्या फोनवर असावे, म्हणजे जवळपास वीज पडत असल्याची सूचना मिळेल. लोखंडी खांबांना अर्थिंग असले, तरी विजा चमकत असताना कुणीही छताखाली थांबू नये.

उभारणीनंतर दोन-तीन आठवड्यांनी कापड थोडे सैलावते, तेव्हा टर्नबकल एकदा फिरवून ताण पुन्हा द्यावा लागतो, आणि दरवर्षी दिवाळीनंतर छत चढवतानाही तो तपासावा. पॅनेल पंधरा दिवसांतून एकदा, सकाळी काच थंड असताना, लांब दांड्याच्या मऊ कुंचल्याने आणि साध्या पाण्याने पुसावेत.

आपण अंगणाचा नकाशा दिला आहे, पण उत्तर दिशा कुठली ते त्यात दाखवलेले नाही, आणि कडुनिंबाची उंचीही नाही. बांबू रोवून फक्कीच्या तिन्ही रेघा मारून झाल्या, की त्यांची भिंतीपासूनची अंतरे, निंबाची उंची, आणि दीड मीटर खोल खणून पाहिलेल्या एका खड्ड्यात मुरूम किती खाली लागला तेवढे कळवावे. खांबांच्या जागा त्यावरून सुचवता येतील.